तुमच्या पदवीवर शिकवलेली दोन वर्षं

ताई, तुमच्या फोटोला हार घालताना तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, माझ्याकडे वळून म्हणाले, "हा फोटू तुयाजवळ कसा व? ताईनं तं जन्मात कोणाले फोटू काढू देल्ला नाई." मी म्हटलं, "होता पेटीत." सगळ्यांना वाटलं, भावजयीने नणंदेचा फोटो इतकी वर्षं जपला, केवढी ही माया. शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

तुम्हाला तो फोटो आठवत असेल. सेलूहून मुद्दाम एस.टी.ने वर्ध्याला गेला होतात. चष्मा काढून एक आणि घालून एक असे दोन काढलेत आणि चष्म्यातला पाठवलात, "मास्तरीण दिसली पाहिजे" म्हणून. तुमच्या सुदानच्या नोकरीच्या अर्जाला लावायचा फोटो होता तो. अर्ज मी तिथल्या मुख्याध्यापिकेच्या हातात नेऊन द्यायचा होता. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तो अर्ज मी दिलाच नव्हता.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचंही लिहिते.

माझं सासरचं नाव तुम्हीच सुचवलंत. माहेरची मी शकुंतला. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुमन' लिहिलं तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "सोपं नाव सुचवलं म्या. आमच्या अरुणले लिवता तं आलं पाह्यजे." मांडव हसला आणि माझी भीती निम्मी पळाली. घरात सगळे तुम्हाला दबून असत. वडील गेल्यावर तुम्ही नोकरी धरली, भावाला मोठं केलं, आईचं आजारपण काढलं, आणि हे सगळं करता करता बाहेरून बसून एम.ए. झालात, तेही इंग्रजी घेऊन. लग्न तेवढं राहून गेलं. "राहून गेलं" हा तुमचाच शब्द. दुधाचं भांडं आत ठेवायचं राहून गेलं, त्याच आवाजात तुम्ही तो म्हणायच्या.

मी मॅट्रिक, इंग्रजीत काठावर पास. तुम्ही भाकरी थापता थापता मला इंग्रजी विचारायच्या आणि मी गप्प बसले की म्हणायच्या, "काऊन व, चावते का इंग्रजी तुले?" चावतच होती. पण तुमच्यासमोर चुकताना मला कधी लाज वाटली नाही. ती लाज मी पुढच्यासाठी राखून ठेवली होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी सिंदीच्या जिनिंगमध्ये फिटर असलेल्या ह्यांना सुदानात कापसाच्या कारखान्यात काम मिळालं. मीही गेले. कापूस तसाच, ऊन वर्ध्यासारखंच, फक्त धूळ जास्त. तिथल्या बायका अंगाला साडीसारखंच लांबलचक कापड गुंडाळत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या माझ्या पदराकडे आणि मी त्यांच्या पदराकडे बघून हसत असू. त्यांतल्याच एक आमनाबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. एका दुपारी त्या घरी आल्या आणि मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हिंदुस्थानी. तुम्हाला इंग्रजी येतं ना?" त्यांच्या शाळेत वर्षभर इंग्रजीला बाई नव्हती. मी "हो" म्हणाले. शिकलेल्या आहात ना, म्हणाल्या. त्यालाही "हो" म्हणाले. कुठवर शिकलेल्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक होतं. किंबहुना तुम्हीच आनंदाने उड्या मारल्यात. महिन्याभराचे धडे एका पाकिटात घालून पाठवू लागलात. पत्र पोचायला तीन-तीन आठवडे लागत, म्हणून तुम्ही पुढच्या महिन्याचा विचार आधीच करून ठेवायच्या. "पुस्तक पहिले पंधरा दिवस मिटलेलं ठेव. वर्गात भाजीची टोपली घेऊन जा. कांदा हातात दे आणि मग कांद्याचं नाव सांग. ज्या वस्तूचा वास माहीत आहे तिचं नाव मुली विसरत नाहीत." मी टोपली नेली. भेंडी, वांगी, कांदे. त्या मुली, ताई, भेंडी बघून अशा खिदळल्या की शेजारच्या वर्गाची बाई पाहायला आली. त्यांच्याकडेही भेंडी अगदी रोजची. आठवड्याभरात त्या माझ्याशी बाजारात इंग्रजीतून बोलायला लागल्या. आमनाबाईंनी माझे हात हातात घेतले. मी काहीच केलं नव्हतं. मी फक्त सेलूहून आलेलं पाकीट फोडलं होतं.

आपला एकच वाद त्या पत्रांतून सारखा चालायचा. तुमचं म्हणणं, मुलींनी विचारलेलं आलं नाही तर सरळ सांगायचं, मला येत नाही, उद्या बघून सांगते. मी लिहायची, इथे तसं चालत नाही, परदेशात मान राखावा लागतो. तुम्ही चिडायच्या. सुट्टीत घरी आले तेव्हा तोंडावर म्हणालात, "ज्या मास्तरणीले 'मले येत नाई' म्हणता येत नाई, तिनं खडू हाती धरू नये." मी म्हटलं, तुमचं ठीक आहे, तुम्ही एम.ए. आहात, तुम्हाला 'येत नाही' म्हणणं परवडतं. तुम्ही चहा टाकायला उठलात. तो वाद तसाच राहिला. तुमचं खरं होतं.

त्याच सुट्टीत मी तुम्हाला आमनाबाईंचा निरोप दिला होता. शाळा वाढली, आणखी एक बाई हवी, तुमच्या त्या धडे पाठवणाऱ्या नणंदबाई येतील का? खोटं नव्हतं ते, ताई. तेवढं तरी खरं होतं. आई वर्षभरापूर्वी गेल्या होत्या. तुम्हाला बांधून ठेवणारं घरात कोणी उरलं नव्हतं. तुम्ही ओट्याशी उभ्या होतात, हाताला पीठ. "मले? या वयात?" म्हणालात. मग थोड्या वेळाने, "इथं सारे मले वानखेडे बाई म्हणून ओळखते. जिथं कोणी वळखत नाई अशा वर्गात एकदा उभं राहून पाह्याचं होतं मले." मी तुम्हाला कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. तेच एकदा.

मी परत गेल्यावर महिन्याभरात तुमचं जाड पाकीट आलं. अर्ज, फोटो, बी.ए., बी.टी., एम.ए.च्या प्रमाणपत्रांच्या नकला, प्रत्येकीवर तुमच्या हेडमास्तरांची सही आणि शिक्का. वर चिठ्ठी: "घाई करू नकोस. त्यांच्या सोयीने दे."

आणि त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचा तपासनीस शाळेत आला. परदेशी शिक्षकांचे कागद बघायला. आमनाबाईंनी मला बोलावून सांगितलं, "तुमची पदवी उद्या आणा, नाहीतर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." त्यांना वाटलं होतं, माझे कागद घरी आहेत आणि आळसाने राहून गेलं आहे. मला त्या वेळी सांगता आलं असतं. मी मॅट्रिक आहे, मला इंग्रजी येतं ते एवढंच, पण माझी नणंद एम.ए. आहे, हे तिचे कागद, माझ्या जागी तिला घ्या. सरळ होतं. मला घरी बसावं लागलं असतं, तुम्ही आला असतात, मुलींना खरी बाई मिळाली असती. रस्ताभर मी हेच मनात घोकत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या बी.ए.च्या प्रमाणपत्राची नक्कल त्या तपासनिसाच्या पुढे ठेवली. त्याने नाव वाचलं, माझ्या पासपोर्टवरचं वाचलं. विमल नारायण वानखेडे. सुमन अरुण वानखेडे. त्याने भुवया वर केल्या. मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पहिलं नाव बदलतं, आणि बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या शेजारची गुजराती बाई तिथे कारकून होती, तिनेही मान डोलावली की महाराष्ट्रात असं करतात. आडनाव एकच कसं, हे त्याला सुचलं नाही. माहेरचं आडनाव वेगळं असतं हे त्या माणसाला कोण सांगणार? त्याने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, सुंदर पद्धत आहे.

तांदळात लिहिलेलं ते नाव मी असं वापरलं.

घरी आल्यावर मी ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. ते परवापर्यंत तसंच होतं.

आता तुमचा अर्ज देणार कसा? एकाच पदवीवर दोन बायका कशा शिकवणार? मी आठ दिवस पाकीट उशीखाली ठेवून झोपले आणि मग तुम्हाला पत्र लिहिलं. जागा भरली, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही म्हणाला असतात, पुढच्या वर्षी बघू. मला कायमचं दार लावायचं होतं. म्हणून लिहिलं, "इथे बिनलग्नाच्या बाईला घेत नाहीत, असा नियमच आहे म्हणे. आमनाबाईंनी फार प्रयत्न केला, मीही केला." ताई, आमनाबाई स्वतः बिनलग्नाच्या होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या, भावाच्या घरी राहणाऱ्या, आणि तुमच्या येण्याची माझ्यापेक्षा जास्त वाट बघणाऱ्या. त्यांना काय सांगितलं माहीत आहे? नणंदेचं लग्न ठरलं, आता ती येणार नाही. तिथे मी तुमचं लग्न लावून मोकळी झाले, आणि इथे तुमचं लग्न झालं नाही म्हणून तुम्हाला नाकारलं.

तुमचं उत्तर तीन ओळींचं होतं. "ठीक आहे. तिथेही लग्न बघतात का? मला वाटलं, फक्त सेलूतच बघतात." आणि खाली पुढच्या महिन्याचे धडे, नेहमीसारखे, एकही कमी नाही.

त्या धड्यांवर मी आणखी पूर्ण दोन वर्षं शिकवलं. मनाची समजूत घालायची म्हणून मी कितीदा स्वतःला सांगितलं की पदवी ताईंची, धडे ताईंचे, म्हणजे शिकवत ताईच होत्या, मी नुसती हमाल. फार छान वाटतं असं म्हणायला. पण वर्गात उभी मी होते. मुली टाळ्या वाजवायच्या तेव्हा समोर मी होते. तुम्ही सेलूच्या त्याच खोलीत, त्याच फळ्यापुढे, आणखी दोन वर्षांनी जास्त थकल्या होतात.

परत निघताना आमनाबाईंनी तुमच्यासाठी अत्तराची एक लहानशी बाटली दिली. चंदनाचं, तिथे नवरीला लावतात ते. तुमच्या लग्नाची भेट. मी तुम्हाला ती देताना म्हटलं, "धड्यांबद्दल पाठवलं आहे." तुम्ही बुच उघडून वास घेतलात आणि तुमचा चेहरा इतका मऊ झाला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. आमनाबाईंना आभाराचं पत्र तुम्ही इंग्रजीतून लिहिलंत, कसलं सुरेख, आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलंत. ते मी चुलीत घातलं. अत्तर तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाला कानामागे एक थेंब लावायच्या. सात वर्षं पुरवलंत.

आल्यावर तुम्हाला त्या मुलींबद्दल सगळं ऐकायचं होतं. नावं, कोण हुशार, कोण लाजाळू, कांद्याच्या धड्याला कोण रडली. मी तुटक उत्तरं द्यायची. तुम्हाला वाटायचं, परदेशातून आली, हिला आता आपल्यात बोलण्यासारखं राहिलं नाही. तुम्ही एकदा तसं म्हणालात, हसत, पण म्हणालात. मग तुम्ही माझ्यासाठी बी.ए.चा बाहेरून बसण्याचा फॉर्म आणला. भरून ठेवलात, मला फक्त सही करायची होती. "तुयात दम हाय, सुमन. तिकडं शिकवून आली तू. आता परीक्षा काय चीज हाय?" मी टाळलं, उद्यावर ढकललं, शेवटी चिडून फाडला. तुम्हाला वाटलं, आळस. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. ज्या पदवीवर दोन वर्षं मिरवले ती मिळवायला पहिल्या वर्षापासून बसायचं, हे मला झेपत नव्हतं. तुम्हाला ते कसं सांगणार होते?

ताई, तुम्ही माझ्यावर प्रेम केलंत हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, हेही खरं आहे. बाळंतपणात माझं मूल दोनदा दगावलं तेव्हा शेजारणी काय बोलतात ते माझ्या कानावर येऊ नये म्हणून तुम्ही महिनाभर दुपारची सुट्टी घेऊन दारात बसून असायच्या, वह्या तपासत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. तुमच्याबद्दलच्या चांगल्या गोष्टी सांगायलाही माझी जीभ उचलायची नाही, कारण त्यातली कुठलीही गोष्ट काढली की शेवटी तिथेच येऊन थांबायची.

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. हेडमास्तरांनी मला बोलायला उभं केलं, "बाईंच्या भावजय स्वतः परदेशात इंग्रजी शिकवून आल्या आहेत" अशी ओळख करून देऊन. मी बोलले. तुमच्या कष्टांबद्दल, शिस्तीबद्दल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, आता हे कायमचं मिटलं. खरं सांगते, तुम्ही गेल्याच्या दुःखात कुठेतरी एक सुटकेचा श्वास होता. एवढी मी नीच.

सभेनंतर तुमच्या शाळेतली ज्योत्स्ना घरी आली. दोन वर्षांपूर्वी लागलेली, इंग्रजीचीच, तुम्हीच तयार केलेली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. ओसरीवर बसली, चहा घेतला. हे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. कप फिरवत ती म्हणाली, "काकू, एक इचारू का? तुमी तिथं होत्या म्हणून इचारतो."

तिच्या पर्समध्ये वर्तमानपत्रातून कापलेली जाहिरात होती. आफ्रिकेतल्या एका शाळेला इंग्रजीचे शिक्षक हवे होते. अर्जाला चार दिवस उरले होते.

"मागच्या सालीबी अशीच जाहिरात आलती," ती म्हणाली. "मी बाईले दाखवली. बाई म्हणे, 'पोरी, उगा आस लावून बसू नको. तिकडं बिनलग्नाच्या बाईले घेतच नाई. आमच्या घरचा अनुभव हाय. आधी लग्न कर, मग अर्ज कर.' म्हणून मी अर्ज केला नाई. आता सिंदीचं एक स्थळ आलं. मले मनातून पसंत नाई, पण घरचे म्हणते हो म्हण. मी परवा होकार देऊन राह्यली. तं म्हटलं एकदा तुमाले इचारावं. खरंच घेत नाई का वो, काकू?"

ताई, तुम्ही तो नियम खरा मानलात. स्वतःपुरता मानून गप्प बसला असतात तर वेगळं, पण तुम्ही मास्तरीण. जे खरं वाटलं ते पुढच्याला शिकवलंत. मी एका पोस्टाच्या पत्रात लिहिलेली ती ओळ तुम्ही तुमच्या हुशारातल्या हुशार पोरीला दिलीत, आणि ती त्या ओळीवर आयुष्य बेतायला निघाली होती. हे दाराशी बसलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"घेतात," मी म्हणाले.

तिने कप खाली ठेवला. "घेते? मंग बाईले काऊन नाई घेतलं?"

पंधरा वर्षांच्या संसारात ह्यांच्यासमोर मी इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते. मी तिला सांगितलं. अर्जाचं, प्रमाणपत्राचं, नावाचं, नियमाचं. आमनाबाई बिनलग्नाच्या होत्या तेही सांगितलं. रडले नाही. रडले असते तर तिने मला समजावलं असतं, आणि तो हक्क मला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उठून आत गेले होते. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत, आणि का बोलावं त्यांनी?

"तू अर्ज कर," मी ज्योत्स्नाला म्हटलं. "उद्याच कर. त्या स्थळाचं नंतर बघ."

तिने जाहिरातीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, ती काहीतरी टाकून बोलेल, मी तयार होते. ती उठली. खाली वाकून चपलेचा पट्टा लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी दवाखान्यात भेटाले गेलतो तवा बाईले बोलाचा त्रास होत होता. तरी म्हणे, 'मायी सुमन लई झटली मायासाठी. मले न्याचं म्हणून तिनं सारे प्रयत्न केले.' आमाले सगळ्यांले सांगितलं त्यायनं, काकू. दोनदा सांगितलं."